कागद कोणी जपले? आंबेडकरी चळवळीच्या संदर्भसाधनांचा इतिहास आणि आपली जबाबदारी

गेल्या वर्षी एका तालुक्याच्या गावी आम्ही युवकांचे अभ्यास शिबिर घेतले होते. दुपारच्या सत्रात दोन तरुणांमध्ये वाद पेटला. एक म्हणाला, "बाबासाहेबांनी असे म्हटले आहे." दुसरा म्हणाला, "मुळीच नाही, बाबासाहेबांनी नेमके उलटे म्हटले आहे." दोघांच्याही मोबाईलमध्ये बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली चार ओळी होत्या. आम्ही दोघांनाही एकच प्रश्न विचारला. हे कधी म्हटले, कुठे म्हटले आणि कोणत्या खंडात, कोणत्या पानावर छापले आहे? दोघेही गप्प झाले. नंतर आम्ही खंड उघडून शोधले, तेव्हा त्यातले एक वाक्य अर्धवट तोडलेले निघाले आणि दुसरे कुठेच सापडले नाही.

मित्रांनो, हा दोष त्या दोन पोरांचा नाही. संदर्भ कसा शोधायचा हे त्यांना आपण कधी शिकवलेच नाही. ज्या महामानवाने प्रत्येक विधानामागे पुराव्यांचा डोंगर उभा केला, त्याच्या नावाने आज बिनतारखेची, बिनपत्त्याची वाक्ये फिरतात आणि आपण त्यावर "जय भीम" लिहून पुढे पाठवतो. विरोधकाला हेच हवे असते. खोटे अवतरण पकडले गेले की तो खऱ्या अवतरणावरही शंका घेतो.

म्हणून या लेखात आम्ही एक साधा प्रश्न घेतला आहे. आपल्या चळवळीतले वाद, भाषणे, पत्रे, अग्रलेख हे सगळे आज आपल्याला ग्रंथरूपात वाचायला मिळते, ते कोणामुळे? हे कागद कोणी जमवले, कोणी लावले, कोणासाठी कोर्टात भांडले? या इतिहासाला जयंतीच्या भाषणात जागा मिळत नाही. पण हा इतिहास कळला नाही तर पुढची पिढी आपल्याला माफ करणार नाही.

पत्राला उत्तर आणि उत्तराची नोंद

बाबासाहेबांच्या आधीपासून सुरुवात करू. पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये 'सोमवंशीय मित्र' हे मासिक सुरू केले. मुरळी सोडण्याच्या दुष्ट प्रथेविरुद्ध त्यांनी या पत्रातून मोहीम चालवली आणि मुरळी म्हणून सोडलेल्या भगिनींना हे जिणे टाकून देण्याचे आवाहन केले. त्या आवाहनाला शिवूबाई नावाच्या एका मुरळीने पत्र लिहून उत्तर दिले. कांबळे यांनी ते पत्र छापले. पुढे समाजातल्याच एका तरुणाने तिच्याशी लग्न केले.

यातला क्रम बघा. आवाहन झाले, त्याला पत्र आले, पत्र छापले गेले आणि त्यातून कृती घडली. एका स्त्रीने आपल्या हाताने मांडलेले म्हणणे आज शंभराहून जास्त वर्षांनी आपल्याला ठाऊक आहे. का ठाऊक आहे? ते कोणी तरी छापले म्हणून आणि छापलेले पुन्हा कोणी तरी उतरवून ठेवले म्हणून. शिवराम जानबा कांबळे यांचे चरित्र आणि पर्वती सत्याग्रहाचा संक्षिप्त इतिहास एच. एन. नवलकर यांनी १९३० मध्ये ग्रंथरूपात आणला. पुढे एलिनॉर झेलियटसारख्या अभ्यासकांना बाबासाहेबांच्या आधीची चळवळ लिहिताना या पुस्तकाचा आधार झाला. ते पुस्तक निघाले नसते तर "बाबासाहेबांच्या आधी अस्पृश्य समाज झोपलेला होता" हे खोटे विधान खोडून काढणे किती अवघड झाले असते!

बाबासाहेब : संपादक आणि संग्राहक

३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी २५०० रुपयांची मदत केली. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते, म्हणून संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. या पत्राची जाहिरात पैसे घेऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला. ही गोष्ट आज आपल्याला कशी कळते? 'केसरी' ती सांगणार नव्हता. बाबासाहेबांनीच पुढे 'बहिष्कृत भारत'मध्ये तिची नोंद करून ठेवली. आपल्यावर झालेल्या अन्यायाची नोंद अन्याय करणारा ठेवत नसतो, ती आपल्यालाच ठेवावी लागते.

चवदार तळ्याचे पाणी चाखले २० मार्च १९२७ रोजी. त्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, ३ एप्रिलला, 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक निघाला. महाडला काय घडले, ठराव कोणते झाले, मारहाण कशी झाली, विरोधी वृत्तपत्रे काय लिहीत आहेत आणि त्यांना आपले उत्तर काय, हे सगळे त्या अंकांतून येत राहिले. अनेकदा अंकाचे रकानेच्या रकाने बाबासाहेब एकटे लिहीत. पैशाअभावी १९२९ मध्ये हे पत्र बंद पडले. त्याआधी १९२८ मध्ये समाज समता संघाचे 'समता' सुरू झाले होते. २४ नोव्हेंबर १९३० रोजी 'जनता' सुरू झाले आणि ४ फेब्रुवारी १९५६ पासून तेच 'प्रबुद्ध भारत' झाले. म्हणजे १९२० ते १९५६ ही छत्तीस वर्षे आपल्या चळवळीची रोजनिशी या पत्रांत पडून आहे.

पण बाबासाहेब केवळ संपादक नव्हते, ते वादांचे संग्राहकही होते. याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'. आपण हे पुस्तक विचारांसाठी वाचतो. आता एकदा त्याची बांधणी बघा.

लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने १९३६ च्या वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद बाबासाहेबांना दिले. भाषण छापून तयार झाले. मंडळाला त्यातला मजकूर झेपेना. वेद आणि धर्मग्रंथांबद्दलचा भाग गाळा, अशी गळ घालण्यात आली. एक स्वल्पविरामही बदलणार नाही, अशा अर्थाचे उत्तर बाबासाहेबांनी कळवले आणि शेवटी परिषदच रद्द झाली. दुसरा कोणी असता तर त्याने रागावून नुसते भाषण छापले असते. बाबासाहेबांनी भाषणाच्या आधी मंडळाशी झालेला पत्रव्यवहार दिला. मंडळाच्या माणसांची पत्रे आणि आपली उत्तरे त्यात तारखांसह आहेत. कोण आधी काय म्हणाले आणि नंतर कसे फिरले, हे वाचकाने स्वतः बघावे.

पहिल्या आवृत्तीच्या १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. मग गांधीजींनी 'हरिजन'मध्ये त्यावर टीका लिहिली. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी काय केले? गांधीजींचे लेख त्यांनी परिशिष्टात जसेच्या तसे छापले आणि त्यापुढे आपले उत्तर दिले. भाषणाची पुनर्रचना करून त्याचा सरळ निबंध करावा, अशी सूचना त्यांना झाली होती. ती त्यांनी मानली नाही आणि भाषणाचे मूळ रूप ठेवले. त्यासाठी दिलेल्या कारणांत एक कारण इतिहासाचे होते, असे त्यांनी दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेतच नमूद केले आहे.

या बांधणीत आपल्यासाठी तीन धडे आहेत. एक, वाद पूर्ण ठेवायचा, फक्त आपली बाजू ठेवायची नाही. दोन, विरोधकाचे शब्द त्याच्याच शब्दांत द्यायचे, आपल्या सोयीने नाहीत. तीन, मूळ रूपाला हात लावायचा नाही. विरोधकाचे म्हणणे पूर्ण छापण्याची हिंमत त्याच्यातच असते, ज्याला आपल्या उत्तराची खात्री असते. आज आपण समोरच्याचे एक वाक्य कापून घेतो आणि त्यावर दहा वाक्यांची शिवीगाळ करतो. हा बाबासाहेबांचा मार्ग नाही.

१९५६ नंतर : पेट्या, पाऊस आणि कोर्ट

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. दिल्लीच्या २६, अलीपूर रोडच्या घरात हस्तलिखिते, टंकलिखिते, पत्रे, टिपणे होती. त्यांतला मोठा भाग तोपर्यंत छापलेला नव्हता. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'सुद्धा १९५७ मध्ये, त्यांच्या पश्चात प्रकाशित झाला. कागदपत्रे दिल्ली हायकोर्टाच्या अभिरक्षकाच्या ताब्यात गेली आणि नंतर महाराष्ट्र शासनाच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटर जनरलकडे आली. पेट्यांना कुलूप लागले.

बाबासाहेबांचे अखेरच्या वर्षांतले सहायक नानकचंद रत्तू यांनी आपल्या आठवणींत १९६७ च्या जानेवारीतला एक प्रसंग लिहून ठेवला आहे. घर रिकामे करून घेताना कागदपत्रे बाहेर उघड्यावर टाकली गेली आणि पावसात भिजून त्यांतली कितीतरी नष्ट झाली. हे वाचताना आजही पोटात कालवते. ज्या माणसाने पुस्तकांसाठी राजगृह बांधले, त्याच्या हातचे कागद चिखलात गेले! त्यांत काय होते याची यादीही कोणी केली नव्हती. आपण काय गमावले हे यादी नसल्यामुळे कधीच कळणार नाही.

पण याच काळात काही माणसे आपापल्या परीने काम करत होती. चांगदेव भवानराव खैरमोडे विद्यार्थिदशेपासून बाबासाहेबांच्या सहवासात आले आणि तेव्हापासून टिपणे, पत्रे, कात्रणे जमवत राहिले. त्यांच्या चरित्राचा पहिला खंड १९५२ मध्ये, बाबासाहेबांच्या हयातीत निघाला. १९७१ मध्ये खैरमोडे गेले तेव्हा काम अपुरे होते. त्यांच्या पत्नी द्वारकाबाई खैरमोडे यांनी हस्तलिखिते जपली आणि उरलेले खंड प्रकाशात यावेत म्हणून धडपड केली. खैरमोडेंचे नाव आपण घेतो, द्वारकाबाईंचे किती जण घेतात?

पंजाबात जालंधरहून 'भीम पत्रिका'च्या लाहोरी राम बाली यांनी आंबेडकरी साहित्य छापण्याचा वसा घेतला. भगवान दास यांनी बाबासाहेबांची विखुरलेली भाषणे जमवून 'दस स्पोक आंबेडकर'चा पहिला भाग १९६३ मध्ये आणला. इकडे विदर्भात मा. फ. गांजरे यांनी मराठी भाषणांचे खंड काढले. रत्नाकर गणवीर यांनी 'बहिष्कृत भारत'मधले अग्रलेख एकत्र केले. यांपैकी कोणाच्या मागे विद्यापीठ नव्हते, शासनही नव्हते. लोक नोकरी सांभाळून, घरचे पैसे घालून हे काम करत होते.

आणि एक वकील होते, नागपूरचे जे. बी. बनसोड. त्यांनी शासनाविरुद्ध हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात दावा लावला. मागणी साधी होती. बाबासाहेबांचे अप्रकाशित लेखन एक तर मला छापू द्या, नाही तर शासनाने ते छापावे. दावा पुढे मुंबईला गेला आणि वर्षानुवर्षे पडून राहिला. पण बंद पेट्यांत काही तरी आहे आणि त्यावर समाजाचा हक्क आहे, हे या दाव्याने कागदोपत्री मांडून ठेवले.

वसंत मून यांचे काम

१९७६ मध्ये महाराष्ट्र शासनाने डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरित्र साधने प्रकाशन समिती नेमली. १९७८ मध्ये वसंत मून यांची विशेष कार्य अधिकारी म्हणून नेमणूक झाली. नागपूरच्या वस्तीत वाढलेला, समता सैनिक दलाच्या वातावरणात घडलेला, महसूल खात्यात नोकरी केलेला हा माणूस. त्यांचे 'वस्ती' हे आत्मकथन ज्यांनी वाचले नसेल त्यांनी जरूर वाचावे. १४ एप्रिल १९७९ रोजी पहिला खंड प्रकाशित झाला.

पण अप्रकाशित लेखन अजून कुलपात होते. मून स्वतः बाबासाहेबांच्या वारसांना भेटले, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर जनरलना भेटले, बनसोड वकिलांना भेटले. माईसाहेब आंबेडकर, प्रकाश आंबेडकर आणि त्यांचे कुटुंबीय तसेच बनसोड या सर्वांनी संमती दिली. १८ सप्टेंबर १९८१ रोजी पेट्या मून यांच्या ताब्यात आल्या. महापरिनिर्वाणानंतर जवळजवळ पंचवीस वर्षांनी!

पेट्या मिळाल्या म्हणजे पुस्तक मिळाले, असे नव्हते. कोणता कागद बाबासाहेबांचा, कोणता दुसऱ्याचा, कोणते पान कोणत्या प्रकरणाचे, हे ठरवायचे होते. बाबासाहेबांचे जवळचे सहकारी म. भि. चिटणीस यांनी महिनाभर बसून हस्तलिखिते तपासली आणि ओळखली. सिद्धार्थ कॉलेजचे ग्रंथपाल शां. शं. रेगे यांनी सांभाळलेल्या कागदांचीही मदत झाली. कुठे प्रकरण अपुरे, कुठे पाने गहाळ, कुठे एकाच प्रकरणाचे दोन खर्डे. जिथे मजकूर तुटला आहे तिथे संपादकांनी तसे सांगितले आहे, आपल्या पदरचे घालून भरलेले नाही. खंड वाचताना अशी टीप आली की आपण पान उलटतो. पण ती टीप हीच संपादनातली प्रामाणिकता आहे.

मून यांनी सोळा खंडांचे काम केले. 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत'चे मूळ अंक १९९० मध्ये एकत्र ग्रंथरूपाने आले. २००२ मध्ये मून गेले. त्याच वर्षी अठराव्या खंडाच्या तीन भागांत मराठी भाषणे आली. त्यानंतर एकोणिसाव्या आणि विसाव्या खंडांत मराठी लेखन आले. एका माणसाने लावलेली शिस्त पुढच्यांच्या कामी आली.

एका परिशिष्टासाठी रस्त्यावर

काही कार्यकर्ते आम्हाला म्हणतात, "कागद जमवणे हे प्राध्यापकांचे काम. वस्तीत पाणी नाही, पोरांना स्कॉलरशिप नाही, अत्याचाराच्या केसेस पडून आहेत आणि तुम्ही जुन्या रद्दीत काय बसता?" हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. आम्ही स्वतः वस्तीत काम करतो, त्यामुळे ही चीड आम्हाला समजते. याचे उत्तर आम्ही १९८८ च्या घटनेने देतो.

१९८७ मध्ये चौथा खंड आला, 'रिडल्स इन हिंदुइझम'. त्यातले राम आणि कृष्ण यांच्यावरचे परिशिष्ट काढून टाका, अशी मागणी शिवसेना आणि इतरांनी केली. शासन डगमगले. ५ फेब्रुवारी १९८८ रोजी मुंबईत आपल्या समाजाचा अतिप्रचंड मोर्चा निघाला. गटतट विसरून नेते एकत्र आले. त्या मोर्चातल्या किती जणांनी ते परिशिष्ट वाचले होते? इंग्रजीतले ते लेखन बहुतेकांनी वाचले नसणार. पण बाबासाहेबांच्या लेखनातला एक शब्दही कोणी गाळता कामा नये, एवढे त्यांना कळत होते. शेवटी परिशिष्ट राहिले. शासन या मतांशी सहमत नाही, अशी टीप मात्र घातली गेली.

हे परिशिष्ट कुठून आले होते? त्याच कुलूपबंद पेट्यांतून. बनसोडांनी दावा लावला नसता, मून यांनी पेट्या मिळवल्या नसत्या, चिटणीसांनी पाने ओळखली नसती, तर रस्त्यावर उतरायला कारणच उरले नसते. जे छापलेच नाही त्यासाठी कोणी मोर्चा काढत नाही. म्हणजे कागदाचे काम आणि रस्त्यावरचे काम या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. लाहोरच्या मंडळाने १९३६ मध्ये जे मागितले होते, तेच १९८८ मध्ये मागितले गेले. गाळा, कापा, सौम्य करा. दोन्ही वेळा उत्तर एकच होते.

ज्यांची नोंद झाली नाही

आता आपल्याच घरात डोकावू. जे जमले त्यात कोण आहे आणि कोण नाही? नेत्याचे भाषण छापले गेले. पण सभेला मैलोन्‌मैल चालत आलेल्या, भाकऱ्या बांधून आणणाऱ्या, सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्या बाया कुठे आहेत? हा प्रश्न उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी विचारला. गावोगावी, घरोघरी जाऊन त्यांनी वृद्ध भगिनींच्या मुलाखती घेतल्या, जुन्या पत्रांतली नावे धुंडाळली आणि १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक आले. हे पुस्तक वीस वर्षे उशिरा लिहायचे ठरले असते तर त्यांतल्या कितीतरी जणी बोलायला राहिल्या नसत्या.

दलित पँथरचेही तसेच. १५ ऑगस्ट १९७२ च्या 'साधना' अंकातला राजा ढाले यांचा लेख, त्यावरचे वादळ, पुढचा जाहीरनामा, ढाले आणि ढसाळ यांच्यातला वाद, हे सगळे त्या वेळच्या पत्रकांत आणि वृत्तपत्रांत विखुरलेले होते. ज. वि. पवार यांनी जपलेले कागद आणि सरकारी दफ्तरातल्या नोंदी यांच्या आधारे आंबेडकरोत्तर चळवळीचा इतिहास खंडाखंडाने लिहिला. नाही तर पँथर म्हणजे दोन-चार दंतकथा एवढेच उरले असते.

आणखी एक टोचणारी गोष्ट. १९८२ मध्ये शासनाने बाबासाहेब आणि अस्पृश्यांची चळवळ यांविषयीच्या साधनांचा एक खंड काढला. त्यात वृत्तपत्रांतल्या बातम्यांबरोबर सरकारी दफ्तरातलीही सामग्री आहे. आपल्या सभेत कोण बोलले, काय बोलले, हे इंग्रज सरकारचा पोलीस लिहून नेत होता आणि ते दफ्तरात टिकले. आपल्या शाखांची प्रोसिडिंग बुके किती टिकली? आपल्यावर पाळत ठेवणाऱ्याने आपला इतिहास जास्त नीट जपावा, ही शरमेची बाब आहे.

आज काय चालले आहे?

मराठवाड्यातल्या एका गावात एक जुने कार्यकर्ते होते. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. त्यांच्याकडे पत्र्याची एक पेटी होती. त्यात 'प्रबुद्ध भारत'चे अंक, रिपब्लिकन पक्षाची पत्रके, नामांतर आंदोलनातली हस्तलिखित पत्रे होती. "एकदा येऊन बघा, बाळांनो," असे ते दर भेटीत म्हणायचे. आम्ही दर वेळी "पुढच्या महिन्यात येतो, आबा" म्हणायचो. आबा गेले. पुण्यानुमोदनाला गेलो तेव्हा पेटी विचारली. घर रंगवायला काढले तेव्हा पेटीतले कागद रद्दीत घातले गेले होते. सूनबाईंना बोल लावण्यात अर्थ नव्हता. त्या कागदांची किंमत त्यांना कोणी सांगितली होती? आम्ही रद्दीवाल्याकडे धावलो. हाती लागले अकरा अंक, तेही वाळवीने खाल्लेले. नामांतराची पत्रे गेली ती गेलीच. ही चूक आमची आहे आणि हा लेख त्या चुकीपोटीच लिहिला आहे.

शासनावर सोडून भागणार नाही हेही दिसले आहे. २०२१ च्या डिसेंबरात बाबासाहेबांच्या खंडांची छपाई रखडल्याच्या 'लोकसत्ता'तील बातमीची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्या बातमीनुसार ९ लाख प्रती छापायचे ठरले होते आणि छापल्या गेल्या फक्त ३३ हजार. छपाईसाठी घेतलेला कागद गोदामात पडून होता. चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर लोक रांगा लावून खंड विकत घेतात आणि खंड मिळत नाहीत! मागणी आहे, कागद आहे, पुस्तक नाही. याविरुद्ध लढलेच पाहिजे. पण पेटीतले कागद शासन येऊन उचलणार नाही, ते आपल्यालाच उचलावे लागतील.

मग करायचे काय?

आम्ही आमच्या भागात काही कामे सुरू केली आहेत. ती तुम्हीही करू शकता. त्यासाठी पदवी लागत नाही.

पहिले, पेटी शोधा. तुमच्या वस्तीतल्या सत्तरीच्या पुढच्या प्रत्येक कार्यकर्त्याच्या घरी जा. कागद मागू नका, आधी बघा आणि त्यांची यादी करा. कोणाचे पत्र, कोणाला, तारीख काय, पाने किती. मूळ कागद घरातच राहू द्या, मोबाईलवर प्रत्येक पानाचा सरळ, स्पष्ट फोटो काढा. मागची कोरी बाजूही सोडू नका, तिथेच कोणी तरी तारीख लिहिलेली असते.

दुसरे, वाद पूर्ण ठेवा. एखाद्या प्रश्नावर आपल्यात चर्चा झाली तर पहिले म्हणणे, त्याचे उत्तर, उत्तराचे प्रत्युत्तर असे तारखेच्या क्रमाने एका फाईलीत लावा. हरलेली बाजूही ठेवा. दहा वर्षांनी ती बरोबर ठरू शकते. प्रत्येक फाईलीच्या पहिल्या पानावर विषय, कालावधी आणि बोलणाऱ्यांची नावे लिहा.

तिसरे, सूची करा. सूची नसलेला ढिगारा आणि रद्दी यांत फरक नाही. साध्या वहीत विषयवार पाने पाडा. महार वतन, नामांतर, आरक्षण, धम्मदीक्षा, स्त्रिया, भूमिहीन. प्रत्येक नोंदीपुढे ती कुठे सापडेल ते लिहा. शाळेतल्या पोरालाही दोन मिनिटांत सापडले पाहिजे. जे सापडत नाही ते असून नसल्यासारखे.

चौथे, बिनसंदर्भाचे अवतरण पुढे पाठवू नका. खंड, भाग, पान लिहिल्याशिवाय बाबासाहेबांचे नाव वापरायचे नाही, एवढा नियम प्रत्येक गटाने केला तरी निम्मे खोटे थांबेल.

पाचवे, खासगी ते खासगी ठेवा. पत्रांत घरातली दुःखे असतात, आजार असतो, उधारी असते, नवराबायकोचे भांडण असते. ज्यांचे आहे त्यांना विचारल्याशिवाय ते बाहेर काढू नका. शिवूबाईंनी पत्र लिहिले ते छापण्यासाठी पाठवले होते, हे विसरू नका. समाजाचा इतिहास जपताना माणसाचा मान गेला तर ते आंबेडकरी काम नव्हे.

आणि शेवटचे, प्रती करा. एका ठिकाणी ठेवलेली गोष्ट एका पावसात जाते. विहारात एक, एखाद्या कॉलेजच्या ग्रंथालयात एक, आणि दुसऱ्या गावच्या मित्राकडे एक. अलीपूर रोडच्या त्या पावसाने एवढे तरी आपल्याला शिकवायला हवे.

त्या शिबिरातली दोन्ही पोरे आता आमच्याबरोबर दर रविवारी वंदनेनंतर विहारात बसतात. एक 'बहिष्कृत भारत'च्या अंकांतल्या विषयांची सूची करतो आहे, दुसरा अठराव्या खंडातली भाषणे गावांप्रमाणे लावतो आहे. वाद अजूनही घालतात, पण आता खंड समोर ठेवून. परवा त्यातल्या एकाला आपल्याच गावात झालेल्या सभेचा वृत्तांत सापडला. अध्यक्षांचे नाव वाचून तो थांबला. ते त्याच्या पणजोबांच्या भावाचे नाव होते. घरात कोणालाच माहीत नव्हते.

तुमच्याही गावाचे नाव कुठल्या तरी पानावर असेल. पुढच्या रविवारी कोणाच्या घरची पेटी उघडायची ते आजच ठरवा.

जय भीम!